तच्छील, तद्धर्म आणि कायदा

एखादा मनुष्य 'कायद्यावर बोट ठेवून वागतो' असे मराठीत म्हटले, तर ती त्याची स्तुती नसते. त्याने कायदा मोडलेला नाही हे त्या विधानात गृहीत असते. तरीही बोलणाऱ्याच्या मनातील नापसंती लपत नाही. उलट, एखाद्यास 'शीलवान' हे विशेषण लावताना त्याने कोणकोणती कलमे पाळली याची चौकशी कोणी करीत नाही. भाषेच्या या सहज व्यवहारात एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे. कायद्याचे पालन आणि शील यांचा परस्परसंबंध कोणता? आणि नीतिशास्त्रातील निरनिराळ्या उपपत्ती त्या संबंधावर कितपत प्रकाश टाकू शकतात?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी शब्दांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. 'कायदा' हा शब्द अरबीतून फारसीच्या द्वारे मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ बैठक, पाया, त्यावरून नियम. याच शब्दाचे अरबी अनेकवचन मराठीत 'कवाईत' किंवा 'कवायत' या रूपाने स्वतंत्रपणे नांदत आहे, आणि अरबीत तेच अनेकवचन व्याकरणाच्या नियमांनाही लावतात. म्हणजे कायदा, व्याकरण आणि शिपायांची कवायत ही एकाच शब्दाची संतती होय. 'नीती' हा शब्द 'नी' म्हणजे नेणे या धातूपासून झालेला असून कामंदकाच्या 'नीतिसारा'त तो प्रामुख्याने राजनीतीचा वाचक आहे. राहिला 'शील' हा शब्द. त्याचा अर्थ स्वभाव, अंगवळणी पडलेली वृत्ती. 'सहनशील', 'विचारशील' या समासांत तो अर्थ अद्याप जिवंत आहे. 'विकसनशील राष्ट्र' यासारख्या अलीकडच्या घडणीत मात्र स्वभावाचा अंश गळून केवळ चालू क्रियेचा बोध उरला आहे.

शील आणि कर्तव्य यांतील भेद सर्वप्रथम स्पष्टपणे कोठे नोंदला गेला हे सांगणे कठीण असले, तरी त्याची एक अत्यंत नेमकी नोंद नीतिशास्त्राच्या ग्रंथात नसून व्याकरणाच्या ग्रंथात आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत कर्तृवाचक प्रत्ययांचा एक गट येतो. तो ज्या सूत्राने सुरू होतो (३.२.१३४), त्यात हे प्रत्यय कोणत्या अर्थी लावावेत ते सांगितले आहे : तच्छील, तद्धर्म आणि तत्साधुकारी. सातव्या शतकातील काशिकावृत्ती या तीन पदांचा अर्थ उलगडते तो असा. जो फळाची अपेक्षा न धरता स्वभावतःच एखाद्या क्रियेत प्रवृत्त होतो, तो तच्छील. ज्याचा तसा स्वभाव नाही, पण 'हा माझा धर्म आहे' अशा जाणिवेने जो ती क्रिया करतो, तो तद्धर्म. आणि जो ती क्रिया उत्तम रीतीने पार पाडतो, तो तत्साधुकारी. यातील महत्त्वाचा भाग असा की, या तिन्ही अर्थी प्रत्यय एकच आहे. देणाऱ्याचा वाचक शब्द एकच. तो दानशील आहे म्हणून देतो, देणे हा धर्म समजून देतो, की केवळ देण्यात कुशल आहे, हे शब्दाच्या रूपावरून कळत नाही. प्रसंगावरून, संदर्भावरून ते ओळखावे लागते.

मानवी कृत्याचेही असेच आहे. कृत्याचे बाह्य रूप एक, कर्ते अनेक प्रकारचे. कायदा केवळ रूप पाहतो. कर भरला किंवा नाही, गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवली किंवा नाही, एवढेच त्याला हवे असते. पाणिनीच्या यादीत न आलेला चौथा प्रकार, म्हणजे दंडाच्या भयाने करणारा, कायद्याला पूर्णपणे चालतो. किंबहुना कायद्याची यंत्रणा त्याच्यासाठीच उभारलेली असते.

पाश्चात्त्य नीतिशास्त्रात ज्या तीन प्रमुख उपपत्ती मानल्या जातात, त्यांचे मतभेद या एकाच ठिकाणी केंद्रित झालेले दिसतात. कांटने १७८५ च्या आपल्या ग्रंथात एका दुकानदाराचा दाखला दिला आहे. तो अजाण मुलालाही इतर गिऱ्हाइकांप्रमाणेच योग्य भावाने माल देतो. त्याचे वर्तन कर्तव्याला धरून आहे यात शंका नाही. पण ते कर्तव्यबुद्धीतून घडले, की धंद्याची पत राखण्याच्या हिशेबातून, हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि कांटच्या मते नैतिक मूल्य त्या उत्तरावरच अवलंबून असते. वैधता आणि नैतिकता यांत त्याने जी रेषा ओढली ती हीच. मिलने १८६१ मध्ये नेमकी उलट बाजू घेतली. हेतूचा संबंध कर्त्याच्या योग्यतेशी येतो, कृत्याच्या योग्यायोग्यतेशी नाही. बुडणाऱ्यास वाचवणारा बक्षिसाच्या आशेने पाण्यात उतरला, तरी वाचवणे हे योग्यच. ॲरिस्टॉटलचा भर तिसरीकडे आहे. योग्य कृत्य जाणून, त्याच्यासाठीच निवडून आणि स्थिर वृत्तीतून केले, तरच करणारा सद्गुणी ठरतो. कांटचा सत्पुरुष तद्धर्माच्या जवळ आहे, ॲरिस्टॉटलचा तच्छीलाच्या. मिलला तत्साधुकारी म्हणण्याचा मोह होतो. पण ही जोडी फार ताणू नये. काशिकेतील कौशल्य क्रियेच्या अंगचे आहे, मिलचा हिशेब क्रियेच्या परिणामांचा आहे. शिवाय काशिकेतील 'माझा धर्म' आणि कांटचे कर्तव्य यांतही अंतर आहे. कांटला केवळ 'माझे' एवढे म्हणून भागत नाही. जे सर्वांसाठी नियम म्हणून इच्छिता येईल तेच कर्तव्य, अशी त्याची अट आहे. या अंतराचे महत्त्व पुढे दिसेल.

सामान्य दिवशी या तिन्ही उपपत्ती एकच आज्ञा देतात : कायदा पाळा. बेंथमने १७७६ मध्ये चांगल्या नागरिकाला तंतोतंत आज्ञापालनाबरोबर मोकळ्या टीकेचा सल्ला दिला. कांटने १७९७ मध्ये प्रजेला प्रतिकाराचा हक्कच नाकारला. ॲरिस्टॉटलने तर न्याय या शब्दाच्या व्यापक अर्थात कायदेपालनाचा समावेश केला. त्यामुळे उपपत्तीचा अभ्यास केल्याने मनुष्य अधिक कायदेपालक होतो किंवा कमी, हा प्रश्न फारसा फलदायी नाही. उपपत्ती कारणे पुरवते. वृत्ती पुरवीत नाही. कारणांचा उपयोग वृत्तीवर पांघरूण घालण्यासाठीही होऊ शकतो. १९६१ मध्ये जेरुसलेम येथील खटल्यात ॲडॉल्फ आइकमन याने आपण कांटच्या कर्तव्यकल्पनेप्रमाणे जगल्याचे सांगितले, आणि न्यायाधीशाने खोदून विचारले तेव्हा कांटच्या तत्त्वाची बऱ्यापैकी अचूक व्याख्याही दिली. लक्षावधी ज्यूंना मृत्यूच्या छावण्यांकडे धाडण्याच्या व्यवस्थेत ज्याचा हात होता, त्याला कर्तव्याची व्याख्या पाठ होती. राज्याचा कायदा आणि स्वतःच्या बुद्धीने पारखलेला नियम यांतील जी फट कांटने मुद्दाम उघडी ठेवली होती, ती त्याने बुजवून टाकली होती.

तेव्हा प्रश्न येतो तो असा की, नियम जेथे मूक असतो किंवा चुकीचा असतो, तेथे कोणाच्या निर्णयावर विसंबावे? शीलवादी उपपत्तीचे उत्तर ठरलेले आहे : विवेकी, शीलवान पुरुषाच्या. ॲरिस्टॉटलने हा मुद्दा मांडताना व्याकरणाचाच दृष्टान्त घेतला आहे, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. एखाद्याच्या तोंडून शुद्ध वाक्य योगायोगाने किंवा दुसऱ्याच्या सांगण्यावरून निघू शकते; तेवढ्यावरून तो व्याकरणज्ञ होत नाही. स्वतःच्या ठायी असलेल्या ज्ञानातून तो तसे बोलला, तरच त्याला ते नाव शोभते. कायद्याबाबत ॲरिस्टॉटल आणखी एक पाऊल पुढे जातो. कायदा सामान्य शब्दांत बोलतो आणि प्रसंग विशिष्ट असतात, म्हणून कायद्याची उणीव भरून काढणारी समबुद्धी आवश्यक असते. लेस्बोस बेटातील गवंडी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकणारी शिशाची पट्टी वापरीत, तसा हा निर्णय असतो. परंतु शिशाची पट्टी कोणाच्या हाती द्यावी? जो विवेकी आहे त्याच्या. आणि विवेकी कोण? जो योग्य निर्णय करतो तो. येथे वर्तुळ पूर्ण होते.

हेच वर्तुळ पतंजलीला दिसले होते, आणि त्याने ते झाकून ठेवले नाही. पृषोदरादि सूत्रावरील (६.३.१०९) महाभाष्यात नियमांत न बसणाऱ्या शब्दांचा विचार चालला आहे. असे शब्द शिष्ट लोक जसे उच्चारतात तसे शुद्ध मानावेत, असे सूत्राचे तात्पर्य. मग शिष्ट कोण, हा प्रश्न येतो. व्याकरण जाणणारे ते शिष्ट, असे म्हणावे, तर व्याकरण शिष्टांवर आणि शिष्ट व्याकरणावर असा अन्योन्याश्रय होतो. पतंजली त्यातून बाहेर पडण्यासाठी शिष्टांची ओळख भाषेच्या बाहेर शोधतो : निवास आणि आचार. आर्यावर्तात राहणारे जे ब्राह्मण केवळ एका कुंभीपुरते धान्य बाळगतात, ज्यांना लोभ नाही, जे दृष्ट प्रयोजनावाचून सदाचारी आहेत आणि विशेष प्रयत्नावाचून एखाद्या विद्येत पारंगत आहेत, ते शिष्ट. असे शिष्ट असतील, तर अष्टाध्यायीचे काय काम, या शंकेवर त्याचे उत्तर मोठे मार्मिक आहे. अष्टाध्यायी शिकलेला मनुष्य जेव्हा ती न शिकलेल्या एखाद्याच्या तोंडी तिच्यात सांगितलेलेच शब्द ऐकतो, तेव्हा त्याच्या लक्षात येते की, याच्यावर दैवाचा अनुग्रह आहे किंवा हा याचा स्वभावच आहे. हा इतर शब्दही जाणत असला पाहिजे. म्हणजे शास्त्र शिष्टाला घडवीत नाही. शिष्टाला ओळखण्याचे साधन पुरवते.

या विवेचनातील दोन गोष्टी वेगळ्या काढल्या पाहिजेत. अलोलुपता, संग्रह न करणे, दृष्ट प्रयोजनाविना सदाचार या कसोट्या शीलाच्या आहेत. त्या कोणालाही लावून पाहता येतात. निवास आणि ब्राह्मण्य या कसोट्या शीलाच्या नाहीत. त्या जन्माने आणि भूगोलाने लागतात. पतंजलीने दोन्ही एकाच वाक्यात गुंफल्या. शब्दांच्या शुद्धाशुद्धतेपुरता प्रश्न होता तोवर त्याचे परिणाम मर्यादित राहिले. धर्मशास्त्रात मात्र तीच गुंफण माणसांच्या हक्कांवर पसरली.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात (२.६) धर्माची मूळे सांगितली आहेत. त्यांत वेद, वेदज्ञांची स्मृती, आचार आणि आत्मतुष्टी यांच्याबरोबर वेदज्ञांचे शीलही येते. शीलाला धर्माचे मूळ मानणे ही कल्पना मोठी आहे. या श्लोकावर कुल्लूकभट्टाने हारीताच्या आधाराने शीलाचे तेरा प्रकार नोंदले आहेत. त्यांत सौम्यता, दुसऱ्यास ताप न देणे, मत्सर नसणे, कठोरपणाचा अभाव, मैत्री, कृतज्ञता, शरणागतास आश्रय देणे, कारुण्य असे गुण आहेत. यादी वाचताना कोणत्याही काळातील शीलवादी विचारवंताने मान डोलवावी. परंतु ज्यांचे शील प्रमाण, ते वेद जाणणारे. आणि वेद जाणण्याचा अधिकार कोणास, हे त्याच परंपरेने आधीच ठरवून ठेवलेले. पुढे त्याच अध्यायात (२.१८) एका विशिष्ट प्रदेशात परंपरेने चालत आलेल्या आचारालाच सदाचार हे नाव मिळते. दुसऱ्यास ताप न देणे हा गुण यादीत आहे. पण ज्याला ताप होतो त्याची साक्ष घेण्याची सोय त्या व्यवस्थेत नाही.

हा दोष केवळ तर्काचा नव्हता, हे महाडच्या चवदार तळ्याच्या प्रकरणात उघड झाले. त्या प्रकरणाची सामाजिक बाजू सर्वपरिचित आहे. कायदा, आचार आणि शील यांच्या संबंधाचे उदाहरण म्हणून मात्र त्याचा विचार जितका व्हावा तितका झालेला नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला. तळ्यावर कोणी अस्पृश्य गेला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेस जमलेले लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. या कृत्यात कायद्याचा कोणताही भंग नव्हता. भंग झाला तो आचाराचा. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरण्याचा त्यांचा बेत असल्याची अफवा उठली, परत निघालेल्या लोकांवर हल्ले झाले आणि तळ्याची पंचगव्याने शुद्धी करण्यात आली. हल्ला करणाऱ्यांनी कायदा मोडला, पण आपण धर्म राखला अशी त्यांची समजूत होती. काशिकेच्या परिभाषेत ते तद्धर्म होते. 'हा माझा धर्म' ही जाणीव प्रामाणिक असली तरी नैतिक मूल्यास पुरेशी नाही, हे येथे दिसते. आणि कांटची सार्वत्रिकतेची अट ही पंडिती बारकावा नसून तिच्यावाचून कर्तव्य आणि दुराग्रह वेगळे करता येत नाहीत, हेही दिसते. मार लागलेल्यांची संख्या मोठी होती, परिषदेचे लोक चिडलेले होते, आणि प्रतिहल्ला करणे त्यांना अशक्य नव्हते. आंबेडकरांनी त्यांना रोखून धरले आणि दाद फौजदारी न्यायालयाकडे मागितली गेली.

४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळ्यावर पुन्हा सत्याग्रह करण्यासाठी २५ डिसेंबरची परिषद जाहीर झाली. त्याआधी सनातनी पक्षाने महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. तळे खाजगी स्वरूपाचे आहे आणि अस्पृश्यांना तेथे मज्जाव असण्याची रूढी प्राचीन आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १४ डिसेंबर रोजी न्यायालयाने आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध तात्पुरता मनाईहुकूम दिला.

आता परिस्थिती पालटली होती. मार्चमध्ये कायदा एका बाजूस आणि आचार दुसऱ्या बाजूस होता. डिसेंबरमध्ये न्यायालयाची आज्ञा आचाराच्या बाजूने उभी राहिली. २५ डिसेंबरच्या रात्री परिषदेने मनुस्मृतीचे दहन केले. तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते. शिष्ट कोण, या पतंजलीच्या प्रश्नातील जन्माची अट परिषदेने अशा रीतीने दोन्ही दिशांनी काढून टाकली. पुढील चर्चेत मनाईहुकूम मोडून तळ्यावर जावे, असे मत आवेशाने मांडले गेले. हजारो लोक त्यासाठीच दूरदुरून आलेले होते. जिल्हाधिकाऱ्यांनी परिषदेत येऊन दाव्याचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचे आवाहन केले. अखेर आंबेडकरांच्या आग्रहावरून सत्याग्रह तहकूब झाला. लोक मिरवणुकीने तळ्याभोवती फिरले. पाण्याला कोणी हात लावला नाही.

ज्या रात्री एक धर्मग्रंथ जाळला, तिच्यापाठोपाठ एका कनिष्ठ दिवाणी न्यायालयाच्या तात्पुरत्या हुकुमापुढे थांबणे, यात विसंगती आहे काय? तशी टीका तेव्हाही सुचण्यासारखी होती. पण दोन आज्ञांचे स्वरूप वेगळे होते. मनुस्मृतीतील निर्बंध ज्यांच्यावर लादले होते त्यांना तो बदलून घेण्याचा मार्गच नव्हता. न्यायालयाचा हुकूम चुकीचा असेल तर तो त्याच न्यायालयात, नाही तर वरच्या न्यायालयात, खोडून काढता येत होता. ज्या कायद्याच्या आधारे तळ्यावर हक्क सांगितला, त्याच कायद्याची यंत्रणा आपल्या विरुद्ध गेली म्हणून झुगारणे, म्हणजे हक्काचा पायाच उखडणे झाले असते. शिवाय सनातन्यांशी झगडताना सरकारशीही एकाच वेळी झगडा ओढवून घेऊ नये, हा व्यवहारी विचार होताच. म्हणजे परिणामवाद्याला येथे हिशेब सापडेल, कर्तव्यवाद्याला तत्त्व सापडेल आणि शीलवाद्याला संयम. थांबण्याच्या कृत्याचे रूप तिघांनाही सारखेच दिसेल. प्रत्यय एक, अर्थ तीन.

अर्थनिश्चयाला संदर्भ लागतो, आणि येथे तो पुढील दहा वर्षांत मिळतो. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाईहुकूम उठला. मूळ दावा १९३१ मध्ये फेटाळला गेला. वादी अपिलात गेले. १९३३ मध्ये तेही फेटाळले गेले. आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, अनादी काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, असा निर्णय दिला. एका दिवसाचे थांबणे भीतीनेही होऊ शकते, हिशेबानेही होऊ शकते. दहा वर्षे तीन न्यायालयांतून तोच प्रश्न न सोडता लढवणे याला स्थिर वृत्तीच लागते. ॲरिस्टॉटलच्या तिसऱ्या अटीचे महत्त्व यातच आहे. शील एका कृत्यावरून वाचता येत नाही.

उच्च न्यायालयातील तो निर्णय देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड हेच १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेस गांधींच्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायाधीश होते. तेथे आरोपीने गुन्हा कबूल करून अधिकात अधिक शिक्षा मागितली होती आणि सहा वर्षांची साधी कैद स्वीकारली होती. एकाच न्यायाधीशापुढे दोन भिन्न वृत्ती आल्या. एकीने कायदा उघडपणे मोडून दंड पत्करला. दुसरीने कायदा पाळून त्याच्याकडूनच न्याय वसूल केला. कायदेभंग हे अशीलाचे लक्षण नव्हे आणि कायदेपालन हे भेकडपणाचे लक्षण नव्हे, एवढे तरी या जोडीवरून मान्य व्हावे. सॉक्रेटिसाच्या ठायी तर दोन्ही एकवटलेले दिसतात : जुलमी तीस जणांच्या राजवटीची लिऑनला पकडून आणण्याची आज्ञा त्याने धुडकावली, आणि इ. स. पूर्व ३९९ मध्ये तुरुंगातून पळण्याची संधी असताना तो बसून राहिला.

आंबेडकरांनी पुढे १९३६ च्या 'जातिभेदनिर्मूलन' या न झालेल्या भाषणात नियम आणि तत्त्व यांत जो भेद केला, त्याची पूर्वपीठिका महाडच्या अनुभवात शोधणे अयोग्य ठरू नये. नियम अमुक करावे असे सांगतो. तत्त्व कृत्याकडे कसे पाहावे ते सांगते आणि निर्णयाची जबाबदारी कर्त्यावर सोडते. केवळ नियमांवर उभा असलेला धर्म जबाबदारीची जाणीवच मारतो, असा त्यांचा आक्षेप होता. या भेदामागे त्यांचे कोलंबियातील गुरू जॉन ड्यूई यांचा प्रभाव स्पष्ट आहे. ड्यूई आणि टफ्ट्स यांच्या १९०८ च्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात तो मांडलेला आहे. परंतु ड्यूईंच्या ग्रंथात जो भेद शांतपणे विवेचनाच्या ओघात येतो, त्याला आंबेडकरांच्या लेखणीत धार येते, कारण नियमाचे ओझे कोणी वाहिले, हे त्यांना ठाऊक होते.

भाषेच्या अभ्यासकाला येथे आणखी एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही. कायद्याचे वाक्य तृतीयपुरुषी असते : जो कोणी असे करील तो शिक्षेस पात्र होईल. स्मृतींचे वाक्य बहुधा विध्यर्थी असते. कोणी काय करावे ते दुसराच कोणी सांगतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे जे पंचशील आंबेडकरांनी स्वीकारले, त्याच्या पाली पाठातील क्रियापद मात्र प्रथमपुरुषी एकवचनी, वर्तमानकाळी आहे : 'समादियामि', म्हणजे मी ग्रहण करतो. आणि जे ग्रहण करायचे त्याला आज्ञा न म्हणता शिक्षापद म्हटले आहे. नियम तोच राहतो, हिंसा करू नये, चोरी करू नये. परंतु क्रियापदाचा पुरुष बदलल्याने तो बाहेरून येणारा हुकूम न राहता अंगीकारलेला अभ्यास होतो. तद्धर्माकडून तच्छीलाकडे जाण्याची वाट या व्याकरणात स्पष्ट दिसते.

संविधानसभेतील त्यांची दोन भाषणे याच दृष्टीने वाचली पाहिजेत. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सनदशीर मार्ग उपलब्ध असताना सत्याग्रहादी मार्ग सोडावेत असे त्यांनी बजावले आणि त्या मार्गांना अराजकाचे व्याकरण म्हटले. ज्याने महाडचा सत्याग्रह केला त्याच्याच तोंडी हे शब्द अनेकांना चमत्कारिक वाटतात. परंतु मार्च १९२७ चे कृत्य कायदेभंग नव्हते आणि डिसेंबर १९२७ मध्ये कायद्याचा मार्ग उपलब्ध होता म्हणूनच ते थांबले होते, हे ध्यानात घेतले की चमत्कार उरत नाही. दुसरे भाषण ४ नोव्हेंबर १९४८ चे. त्यात ग्रीसचा इतिहासकार ग्रोट याच्याकडून त्यांनी एक संज्ञा घेतली, आणि संविधानाविषयीची ही नैतिक वृत्ती स्वाभाविक नसून तिची मशागत करावी लागते, असे सांगितले. ग्रोटच्या मते या वृत्तीत संविधानाच्या प्रक्रियेविषयी परम आदर आणि सत्ताधाऱ्यांवर निर्भीड टीका करण्याची सवय ही दोन्ही एकत्र नांदतात. ही व्याख्या नियमाची नाही. ती एका सवयीची, वृत्तीची, म्हणजे शीलाची व्याख्या आहे.

भारतीय न्यायालयांत या संज्ञेने गेल्या काही वर्षांत वेगळे वळण घेतले. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांविषयीच्या कलमाचा विचार करताना, तसेच त्याच वर्षी शबरीमला प्रकरणात, लोकरूढ नीतिकल्पनेच्या विरुद्ध बाजूस ही संज्ञा उभी केली आणि कायदा व रूढी तपासण्याची कसोटी म्हणून ती वापरली. या निर्णयांची योग्यता हा स्वतंत्र विषय आहे. संज्ञेच्या दृष्टीने मात्र जे घडले ते असे की, नागरिक आणि अधिकारी यांच्या अंगी बाणावयाच्या वृत्तीचे नाव न्यायालयाच्या हातातील मोजपट्टीचे नाव झाले. कसोटी म्हणून तिचा उपयोग न्यायाधीश करू शकतात. वृत्ती म्हणून तिची मशागत निकालपत्राने होत नाही. मराठी वृत्तपत्रांनी तिच्यासाठी 'संवैधानिक नैतिकता' असा प्रतिशब्द योजला. 'संवैधानिक शील' असा शब्द घडवणे अवघड नव्हते. तो घडला नाही.